वरच्या खोलीतली अंबाडी

मला स्वस्थ बसता येत नाही. कौतुकानं सांगत नाही, खोडच आहे तशी. टपरीवर चहा प्यायला बसलो आणि टेबल डुगडुगत असेल, तर आधी कागदाची घडी करून पायाखाली सरकवतो, मग चहा घशाखाली उतरतो. बायको म्हणते, तुमच्या शेजारी बसलं की चालू एसटीत बसल्यासारखं वाटतं, कारण माझा गुडघा सारखा हलत असतो.

धंदा ठिबकचा. राहतो औंढ्यात. गुलाबाच्या आणि जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये नळ्या टाकण्यात वीसेक वर्षं गेली, आणि आता बंगल्यांच्या बागा करतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसांना झाडं हवी असतात, पाणी घालायला वेळ नसतो, त्यावर माझं चालतं. पण कुणी अर्धवट काम करून ठेवलेलं दिसलं की माझं डोकं सटकतं. मग ते काम माझं असो नसो, हात शिवशिवायला लागतात. ह्या हातांनीच घात केला.

ज्या बंगल्याची ही गोष्ट आहे तो कुसगावच्या वरच्या अंगाला, आणि तिथं माझी मावशी राखणीला होती. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ह्या धाकट्या मावशीनं मला आंदर मावळातल्या तिच्या घरी नेलं आणि सातवीपर्यंत सांभाळलं. शाळेच्या वाटेवर ओढा होता, पावसात त्याला पाणी चढलं की ती मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायची आणि संध्याकाळी काठावर येऊन उभी राहायची. तिला मूलबाळ झालं नाही. पुढं नवरा गेला आणि दिरांनी तोंडानं काही न बोलता तिला दाखवून दिलं की तिचं आता तिथं काही नाही. मग ती कुसगावला आली आणि ह्या बंगल्यामागच्या खोलीत राहिली. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात मोरी, बाहेर बसायला ओटा. सोळा वर्षं ती त्या खोलीला माझं घर म्हणत होती. मी किती वेळा म्हणालो, मावशे, औंढ्याला चल. ती म्हणायची, "ते तुजं घर. मी माज्या घरात बरी हाय." त्या खोलीशिवाय तिला दुसरी जागा नव्हती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मालक मुंबईत. दिवाळीला एकदा फोन करणार, बाकी कधी नाही. उन्हाळ्याच्या शेवटी त्यानं बंगला अकरा महिन्यांसाठी एका माणसाला भाड्यानं दिला. चाळिशी ओलांडलेला, डोक्यावरचे केस गेलेले, मऊ आवाजाचा, घरातसुद्धा पायात मोजे घालणारा. दिवसभर लॅपटॉपवर काम करायचा. मावशीला तो आवडला होता. "लय गुनाचा हाय," ती म्हणायची, "आंटी आंटी करतो, हात जोडून बोलतो."

श्रावण लागला होता, तेव्हा मावशीचा फोन आला. "साहेबाच्या पान्याच्या नळ्या तुंबल्यात. येऊन बग जरा."

गेलो. वरच्या मजल्यावरची एक खोली त्यानं पूर्ण बंद करून घेतली होती. खिडक्यांना काळं कापड, आत जांभळट दिवे, भिंतीत पंखा. मातीचा कण नाही. डझनभर बादल्या, त्यात भाजलेल्या मातीचे गोळे, त्या गोळ्यांत बोटभर रोपं. खाली खत विरघळवलेल्या पाण्याची टाकी, त्यातून बारीक नळ्यांनी पाणी प्रत्येक बादलीला थेंब थेंब जायचं आणि खालून परत टाकीत यायचं.

"टोमॅटो आहेत दादा," तो म्हणाला. "बाहेरच्या जातीचे. घरच्या घरी प्रयोग."

टोमॅटोचं रोप मी झोपेतसुद्धा ओळखीन. ते टोमॅटो नव्हते, हे मला तिथं पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण खरं सांगतो, माझं लक्ष रोपांकडं नव्हतंच. मी नळ्या बघत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. कुठून तरी ऑनलाइन मागवलेला संच. खताच्या क्षारांनी नळ्यांची तोंडं बुजलेली. एका बादलीला धो धो पाणी, शेजारच्या बादलीला थेंब नाही. परतीची नळी तर चक्क चढावर बसवलेली. एवढा शिकलेला माणूस आणि पाणी उताराकडं जातं हे त्याला कळू नये?

"हे असं नाही चालणार," मी म्हणालो, आणि पान्हा काढला.

त्यानं मला फक्त नळ्या साफ करायला बोलावलं होतं. मी अख्खी व्यवस्था बदलली. टाकीच्या तोंडाला जाळीची गाळणी बसवली. त्याचे ते खेळण्यातले ड्रिपर काढून पॉलिहाऊसचे टाकले. परतीच्या नळीला उतार दिला. भिंतीवर टायमर ठोकला. एवढं करूनही दोन दिवसांनी परत गेलो, कोणी बोलावलं नसताना, कारण तिसऱ्या बादलीला पाणी कमी पडतंय की काय असं मला औंढ्यात बसून वाटत होतं. मग आणखी एकदा गेलो. शेवटी डझनभर बादल्यांत टिपटिप एका लयीत पडायला लागली, तेव्हा मी तिथंच स्टुलावर बसून पाच मिनिटं ऐकत राहिलो. फोटो काढायला मोबाईल काढला, तर तो हसून म्हणाला, "फोटो नको दादा, प्लीज." मी मोबाईल खिशात ठेवला. त्याबद्दलही मला काही वाटलं नाही. आपलं काम देखणं झालंय, ह्या गुर्मीत होतो.

गणपती उठून आठवडा झाला असेल. भात निसवून लोंब्या धरायला लागलं होतं, डोंगरावरून धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नव्हती. मावशीनं जेवायला बोलावलं. "ये की. अंबाडी केलिया. तुला आवडती."

अंबाडी मला आवडते. लसणीची खमंग फोडणी, आत तांदळाची कणी, वर कच्चं तेल, शेजारी भाकरी. मी पाट ओढून बसलो.

"आंबटच न्हाई बग ह्या खेपंला," मावशी वाढता वाढता म्हणाली. "मी आपली चिंच घातली जरा. हिरव्या देटाची हाय ना, म्हनून असंल."

"आणली कुठनं?"

"वरनं. साहेब फांद्या छाटतो आन पिशवी भरून देतो, म्हनतो जाळून टाका आंटी. आता चांगली कवळी पानं, जाळायची व्हय? पाप लागंल. त्यो टमाटी म्हनतो, पन ही पंजावानी पानं, मला का अंबाडी कळंना?"

दोघंही हसलो. शहरातल्या माणसाला अंबाडी ओळखता येत नाही ह्यावर आम्ही दोन घास जास्त खाल्ले.

जेवून ओट्यावर बसलो. तासाभरानं उठलो, तर चपला सापडेनात. चपला माझ्या पायातच होत्या. मला हसू आलं, मग हसू थांबेना, मग एकदम घाबरायला झालं. समोरची पायरी लांब गेली, परत जवळ आली. आत मावशी बडबडत होती. नवऱ्याबद्दल. गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं आणि आता तो बैलांना कसा शीळ घालायचा ते ती भिंतीला सांगत होती. मग ती आडवी झाली आणि गप्प झाली.

मी हाक मारली. उठली नाही. खांदा हलवला. उठली नाही. तिच्या नाकाशी बोटं धरली, तर श्वास आहे की माझीच बोटं थरथरतायत, ते कळेना. त्या घटकेला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पॉलिहाऊसच्या मागं दुपारच्या सुट्टीत काही गडी चिलीम ओढायचे. बोटभर रोपं होती तेव्हा वरच्या खोलीत तो वास मला आला नव्हता, पण आता जिन्यात उभं राहिलं तरी येत होता. भिंत धरून वर गेलो. साहेब बाहेर गेला होता, खोलीला कुलूप होतं, पण दाराच्या फटीत एक छाटलेलं पान पडलं होतं. चावून बघितलं. अंबाडीचं पान चावलं की दात आंबतात. हे नुसतं कडवट, उग्र लागलं. तो गांजा होता, आणि त्याला सहा आठवडे नेमानं पाणी पाजणारी व्यवस्था माझी होती.

मावशी दिवे लागायच्या सुमाराला उठली. "पित्त झालं वाटतं," म्हणाली आणि चहा मागितला. तिनं चहाची बशी तोंडाला लावलेली बघितली तेव्हा मला रडू फुटलं. तिला वाटलं, मलापण पित्त झालंय.

मी तिला सांगितलं नाही. ही गोष्ट इथंच बिघडली. सांगितलं असतं तर ती तडक वर जाऊन साहेबाला विचारती, गावभर बोलती, असं मी स्वतःला पटवलं. ते थोडं खरंही होतं. पण मुळात मला माझी भीती वाटत होती. पोलीस आले की पहिला प्रश्न, हे नळ्यांचं काम कुणाचं? पॉलिहाऊसवाल्या कुणालाही विचारा, गाठ बघून सांगतील कुणाचं काम आहे.

त्यानंतरचे दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडून उठायचो. एका गुलाबवाल्याच्या लाइनला उलटा व्हॉल्व्ह बसवला आणि त्याच्यावरच ओरडलो. दोनदा पोलीस चौकीसमोर गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, परत घातलं. मालकाला फोन केला, त्यानं उचलला नाही, आणि उचलला नाही म्हणून मला बरं वाटलं. बायको म्हणाली, झालंय काय तुम्हाला? पित्त, म्हणालो.

मग मला एक हुशारी सुचली. माझं सामान काढून घ्यायचं. गाळणी, ड्रिपर, टायमर, माझ्या हातचं सगळं. त्याची जुनी खेळणी जागेवर बसवून द्यायची. ती चार दिवसांत तुंबणार, झाडं माना टाकणार, साहेब वैतागणार आणि जाणार. पोलीस नाहीत, बोभाटा नाही, मावशीला कळायचंही कारण नाही. साहेबाला फोन करून म्हणालो, सर्व्हिसिंग करायचंय. तो म्हणाला, मी पुण्यात आहे, आंटींकडे किल्ली ठेवलीय, करून टाका.

अर्ध्या तासात सगळं उचकटून गोणीत भरलं. झाडं छातीला लागत होती, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. खाली मावशी तांदूळ निवडत होती. "झालं व्हय काम?" "झालं." गोणी गाडीला बांधली आणि सुटलो. वाटलं होतं, आता तरी झोप लागेल. लागली नाही.

पाचव्या दिवशी राहवलं नाही, गेलो. मागची खोली उघडी, मावशी नाही. हाक मारली तर आवाज वरून आला. वरची खोली उघडी होती. मावशी एका हातात कळशी, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन बादल्यांमधून फिरत होती. प्रत्येक झाडाला मोजून एक तांब्या. झाडं हिरवीगार, मान ताठ. तिचा उजवा गुडघा कधीचा दुखतो, जिना चढताना ती कठडा धरून दोन-दोनदा थांबते.

"हे काय चालवलंय?" मी ओरडलोच.

"तुज्या नळ्या बंद पडल्या," ती म्हणाली. "साहेबाला फोन लावला. त्यो म्हनाला, आंटी, मी धा दिस गावाला चाललोय, तुमी घालाल का पानी? टाकीतलं तयार पानी, तांब्या तांब्या घालाया काय जातंय. सकाळ-संध्याकाळ घालती. झाडं का मारायची?"

किल्ली तिच्या कनवटीला होती.

साहेब गेला होता. तो परत येणार नाही असं मला का कोण जाणे त्याच क्षणी वाटलं. शेजारच्या त्याच्या खोलीतलं कपाट उघडं होतं, त्यातला लॅपटॉप, कपडे, सगळं गेलेलं. उरली होती ती झाडं, किल्ली आणि तांब्या घेतलेली माझी मावशी. आधी पाणी यंत्र घालत होतं. यंत्र काढून मी तिथं तिचे हात बसवले होते.

मी तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं. अंबाडी नाही, गांजा आहे. घरात लावणं गुन्हा आहे, माणसं तुरुंगात जातात.

ती झाडांकडं बघत म्हणाली, "म्हंजी मी तुला त्ये वाढलं?"

"ते जाऊ दे मावशे."

"दुसऱ्यांदा घे म्हनले तुला." तिनं पदर तोंडाला लावला. सगळ्यात आधी तिला हे आठवलं, मला वाढलेलं. मग विचारलं, "तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"मंग इतके दिस?"

मी पायरीवरची माती नखानं खरवडत राहिलो.

"आन त्या दिवशी तू आलतास, ते नळ्या सोडवाया." ती चिडली असती तर बरं झालं असतं. दूध नासलं तर बाई जशी दुसऱ्या बाईला सांगते, तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "तुजं तेवडं काडून न्हेलंस."

मग उठली, हात धुतले, खोलीला कुलूप लावलं. "चल, पोलीस पाटलाकडं," म्हणाली. मी म्हणालो, थांब, विचार करू. ती थांबली नाही. तो सगळा उतार ती तो गुडघा घेऊन माझ्या पुढं चालत गेली.

पोलीस पाटील ओट्यावर पेपर वाचत होते. मावशीनं किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. छाटलेल्या पानांची भाजी केली तेसुद्धा सांगितलं. ते नीट ऐकून घेत होते. फोन लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "एवढं नळ्या-बिळ्यांचं काम कुणी केलं?"

माझा गुडघा तेव्हा हलायचा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वस्थ बसलो असेन.

"साहेबानंच आनलं सगळं भाईरनं," मावशी म्हणाली. "ह्यो माजा भाचा. मला घेऊन आलाय निस्ता."

मी मान खाली घातली, आणि तसाच राहिलो.

पोलिसांनी तिचा जबाब घेतला. नीट वागले, पाणी विचारलं, स्वतःहून आलात हे बरं केलंत म्हणाले. साहेब काही सापडला नाही, आणि तिच्यावर काही केस झाली नाही. पण जबाबात आलं की किल्ली तिच्याकडं होती आणि झाडांना पाणी ती घालत होती. मालकाला तेवढंच कळलं. तो मुंबईहून आला, सोळा वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण घरचे ऐकत नाहीत." महिन्याअखेर खोली सोडायची. मी तिथं दारातच उभा होतो. तेव्हा तरी मला म्हणता आलं असतं की पाणी माझी नळी घालत होती, ती मी काढून नेली म्हणून हिच्या हातात तांब्या आला. मी म्हणालो, टेम्पो कधी आणू?

तिनं खोली झाडून काढली, मोरी घासली, ओटा धुतला, आणि मगच टेम्पोत बसली.

आता ती औंढ्यात असते. गोणी माझ्या शेडमध्ये पडली आहे, तिच्या तोंडाची गाठ मी अजून सोडलेली नाही. पोलीस पाटलांच्या ओट्यावर बोलायचं राहिलं ते इथं लिहितो. ते नळ्यांचं काम माझं होतं. बायकोनं हे वाचलं की तिला कळेल, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगणार असेल तर मी तिला अडवणार नाही.

घरामागं खाचराच्या बांधावर मावशीनं ह्या वर्षी अंबाडी लावली. लाल देठाची. भाजी करायच्या आधी ती एक पान खुडते आणि माझ्या हातावर ठेवते. मी चावतो, दात आंबतात. "आंबट हाय?" ती विचारते. "हाय," म्हणतो. मग ती कढई ठेवते. त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोलत नाही. घराला मात्र अजून 'तुजं घर' म्हणते.

परवा बांधावर ती वाकून पाणी घालत होती. तांब्या भरायचा, चार पावलं जायचं, गुडघा धरून वाकायचं. मला बघवेना. म्हणालो, "मावशे, एक लाइन टाकतो इथं. तासाभराचं काम आहे."

तिनं वळून बघितलं, रागानं नाही.

"नगं," म्हणाली. "मी तांब्यानंच घालीन."